पुदिन्याने आवाज खुलतो

२ मार्च
आजपासून रोज सकाळी उपाशीपोटी पुदिन्याचं पाणी. एक मोठा ग्लास. खंड पडणार नाही.
कारण असं की बस स्टँडवर यापुढे माणूस घोषणा करणार नाही. एकाच्या आवाजात सगळं रेकॉर्ड करणार आणि कॉम्प्युटर ते वाजवत बसणार. कोणाचा आवाज, ते महिनाअखेरच्या टेस्टमध्ये ठरणार. बाकीचे जातील सामानाच्या खिडकीवर, लोकांच्या बॅगा मोजत. आता या स्टँडवर माझ्याशिवाय आवाज आहे कोणाला? पण मॅनेजरला टेस्टची हौस. घेऊ दे बापड्याला.
सकाळी घसा जरा धरतो, छातीत जळजळतं, एवढंच. मोबाइलवर वाचलं: पुदिना थंड, पाचक, घसा मोकळा करणारा. बाल्कनीतल्या कुंडीत फुकट उगवतो, आणि लोक दवाखान्यात रांगा लावतात. मूर्खांचा बाजार!

५ मार्च
मेहुणा जेवायला आला होता. डॉक्टर आहे. निदान पाटीवर तरी तसं लिहिलंय. बायकोने चहाडी केली, हे पुदिना पितात म्हणून. झालं, साहेबांचं लेक्चर सुरू. पोट फुगलं, मुरडा आला तर पुदिना बरा. पण तुमचं आम्ल वर येतं. अन्ननलिकेच्या खाली एक झडप असते, ती पुदिन्याने आणखी सैल पडते. आम्ल घशापर्यंत चढतं आणि आवाज बसतो.
झडप म्हणे! मी माणूस आहे की पाण्याची टाकी? उचलली जीभ लावली टाळ्याला. गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठी खिशात घातली, पाहुण्याचा मान म्हणून.

११ मार्च
डोस वाढवला. आता रात्री झोपतानाही एक ग्लास. जळजळ वाढली आहे, म्हणजे गुण येतोय. आतली घाण बाहेर पडते आहे. बायको म्हणाली, घाण नाही, रात्रीचं जेवण बाहेर पडतंय. हिच्याशी शास्त्रावर बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१४ मार्च
एक ड्रायव्हर येऊन म्हणाला, साहेब, माइक खराब झालाय, नुसती खरखर ऐकू येते. मलाही तेच वाटत होतं. लगेच तक्रार केली. इलेक्ट्रिशियनने माइक उघडला, पुसला, स्वतः दोन वाक्यं बोलून पाहिली. ठणठणीत वाजलं. माइकला काही झालेलं नाही म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. हल्ली कोणालाही नोकरीवर घेतात.

१९ मार्च
दुपारी आवाज उमटेचना. मॅनेजरने माझ्या खुर्चीवर तिकीटबाईला बसवलं. जन्मभर सुटे पैसे द्या म्हणत आलेली बाई! कानामागून आली आणि तिखट झाली. बोलते कशी, तर शेजारणीला निरोप दिल्यासारखी. ना भारदस्तपणा, ना चढउतार. सगळे प्रवासी आपापल्या बसमध्ये बरोबर चढले, पण तो नशिबाचा भाग.

२४ मार्च
बायकोने पुदिना मुळासकट उपटला. रिकामी कुंडी दाखवून म्हणाली, टेस्ट होईपर्यंत तरी थांबा, पाया पडते. तुम्ही रात्रभर उशांना टेकून बसता, ठसका लागला की श्वास अडकतो, मला भीती वाटते हो. आणि रडायला लागली. बायकांना काय, रडायला निमित्त लागतं.
बाजारातून दोन जुड्या आणल्या. ऑफिसच्या कपाटात ठेवल्या आहेत.

२९ मार्च
टेस्ट. आत जाण्याआधी पूर्ण बाटली रिकामी केली. गार, दाट, हिरवीगार. मॅनेजर आणि हेडफोन घातलेला एक माणूस काचेपलीकडे. तिकीटबाई बाहेर बाकावर स्वेटर विणत होती. विणत!
सुरुवात झकास. प्रवाशांनी कृपया, इथपर्यंत तर काच थरथरली असेल. मग खालून काहीतरी आंबट उसळलं. पुढे ठसका. मग आणखी ठसका. हेडफोनवाल्याने हेडफोन काढून ठेवला. मॅनेजर पाणी घेऊन आत आला आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाला, राहू द्या. पुन्हा करतो म्हणालो, पण ते बहुधा कोणाला ऐकू गेलं नाही.
तिकीटबाईचं एका दमात झालं. गाढवाला गुळाची चव काय!

१३ एप्रिल
सामानाची खिडकी. बाजारातला पुदिना निकृष्ट निघाला, म्हणून तूर्त बंद. मेहुण्याच्या गोळ्या घेतो आहे, निव्वळ बायकोची कटकट नको म्हणून.
आणि आज सकाळी आवाज आला! पूर्वीपेक्षा भरदार, गोल, स्वच्छ. पुदिन्याचा गुण उशिरा येतो, एवढाच याचा अर्थ. बायको बाथरूमच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, अगदी पहिल्यासारखा. मग माझा डबा भरायला गेली.
खिडकीवर पहिलाच प्रवासी आला. एक बॅग. ताठ बसलो, श्वास भरून घेतला आणि पोटातून म्हणालो, प्रवाशांनी कृपया आपली पावती जपून ठेवावी.
तो म्हणाला, ओरडताय कशाला, मी समोरच उभा आहे.
मग हळूच पुन्हा सांगितलं.