आधी आभार, मग सभागृह

आदरणीय फकिरराव भाऊजी आणि द्वारकाअक्का यांना चंपतचा मनापासून जय भीम.

भाऊजी, तुमचा गुडघा कसा आहे? अक्का लावते ते तेल गुडघ्यात उतरतं की अजून सगळं अंथरुणालाच लागतं? इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पत्र वाचून झाल्यावर हे वाक्य तुम्हीच खोडा.) फोन करता आला असता, पण ही सगळी भानगड फोनमधूनच निघाली आहे. अक्काच्या भावजयीने, मनकर्णाने, तो पिठाच्या डब्यावर पालथा घालून ठेवला आहे, आणि मी शाळेतून कागद आणून लिहायला बसलो आहे. (कागद हेडमास्तरांना विचारून आणला.)

तुम्हाला माहीत आहे की आपल्या वस्तीत कोणताही कार्यक्रम असो, आभार मी मानतो. प्रास्ताविकासाठी लोक भांडतात, सूत्रसंचालन करणाऱ्याच्या हातून माईक सुटत नाही, पण आभारापर्यंत सगळे चपला शोधायला उठलेले असतात, म्हणून ते काम कोणालाच नको असतं. मी शाळेत अटेंडर; सगळे गेल्यावर कुलूप लावून निघायची सवय. तसं ते काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. आभाराची एक रीत असते, ती मी आमच्या जुन्या गुरुजींकडून शिकलो. पाहुण्याने जे देतो म्हटलं, ते दिलंच आहे असं धरून आभार मानायचे. समोरचा देतो म्हणतो आहे आणि आपण म्हणायचं, द्याल तेव्हा मानू, हे आपल्यात बसत नाही. दारी आलेल्या माणसापुढे आपण घरातलं उणं काढत नाही, तसंच हे.

तर मागच्या पंधरवड्यात आमदारसाहेब आपल्या वस्तीत सभागृहाची कोनशिला बसवायला आले. सकाळी येणार होते, दुपार कलल्यावर आले. विहाराच्या बाजूला जी मोकळी जागा आहे (मागच्या खेपेला तुमची छत्री राहिली होती तीच), तिथे विटांचा एक ओटा, ओट्यात काळा दगड, दगडावर पडदा. साहेबांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, साहेब म्हणाले सभागृह देतो, परत टाळ्या झाल्या आणि मग आभार. भाऊजी, आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की मी आभाराला उभा राहिलो आणि सगळे लोक बसलेले. (साहेबांच्या गाड्या रस्त्यात आडव्या लागल्या होत्या, कोणाला निघताच येत नव्हतं. हे मला नंतर कळलं.) ते माझ्या डोक्यात गेलं असावं. मी म्हणालो की या प्रशस्त, हवेशीर सभागृहाबद्दल वस्ती साहेबांची ऋणी आहे, आणि पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचा, मैत्रीचा, मंगल परिणय याच सभागृहात होईल, साहेबांनी आशीर्वादाला यावं. खूप टाळ्या झाल्या. सगळ्यात जास्त वेळ साहेबांनी वाजवल्या. मला फार बरं वाटलं, आणि तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

साहेबांच्या कचेरीतून दर आठवड्याला फोनवर 'मतदारसंघ वार्ता' येते, वर तेलुगूत आणि खाली मराठीत. कुठे नाली झाली, कुठे पाण्याची टाकी, साहेबांनी कोणाच्या घरी जाऊन सांत्वन केलं, असं त्यात असतं. मी ती रोजच्या वंदनेनंतर वाचतो, कारण तेव्हा मन शांत असतं. त्या आठवड्यात मन शांत राहिलं नाही. लिहिलं होतं की आपल्या वस्तीचं सभागृह लोकांना अर्पण झालं. सोबत सभागृहाचा फोटो, पिवळा रंग, काचेच्या खिडक्या. खाली माईक धरलेला मी, आणि त्याखाली माझेच शब्द: प्रशस्त, हवेशीर. पहिलं लग्न चंपतरावांच्या मुलीचं, साहेब स्वतः येणार.

मी उठून बघायला गेलो. दगड होता. दगडामागे बाभूळ होती, बाभळीला फकिऱ्या नावाची शेळी बांधलेली होती. (भाऊजी, नाव तिच्या मालकाने ठेवलं आहे, तुमचा काही संबंध नाही.) परत वार्ता वाचली, त्यात सभागृह होतं. मी छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस, म्हणून जरा पलीकडे नाल्यापर्यंत जाऊन आलो. संध्याकाळी जयवंताबाई बचत गटाच्या बायांना घेऊन चावी मागायला आल्या. फोटोत मी होतो, तेव्हा चावी माझ्यापाशीच असणार. मी म्हणालो, माझ्याकडे चावी नाही. हे अगदी खरं होतं. तर आता वस्तीत बोलतात की चावी सरपंचांनी दाबून ठेवली, आणि सरपंच माझ्याशी बोलत नाहीत.

इथवर ठीक होतं. पण आपले होणारे व्याही सुधाकरराव भैंशाला बसून तीच वार्ता वाचतात. एका भाच्याने त्यांना पाठवली. तुम्ही हे स्थळ आणलं तेव्हा म्हणाला होतात की माणूस सरळ आहे, कचेरीत सारी नोकरी केली पण लिहिलेल्यापलीकडे जात नाही. ते खरंच निघालं. थोरल्या मुलाचं लग्न भाड्याच्या फंक्शन हॉलमध्ये झालं, ते त्यांच्या मनात राहून गेलं होतं. आता धाकट्या हर्षदीपचं लग्न समाजाच्या स्वतःच्या छताखाली होणार म्हणून त्यांना इतका आनंद झाला की पत्रिकेत सभागृहाचं नाव छापून सगळ्या पाहुण्यांना पाठवूनही झालं. मग त्यांचा फोन आला. हॉल कसा हाय, चंपतराव? मी म्हणालो, मोकळा आहे. उजेड? भरपूर. हवा? चारी बाजूंनी. गाड्या लावाले जागा? जागाच जागा. मग फोन ठेवला. रोज सकाळी मी मेणबत्ती लावून मुसावादा वेरमणी म्हणतो, म्हणजे खोटं बोलणार नाही, आणि त्या दिवशीही बोललो नव्हतो. एकेक शब्द तपासून पाहिला, सगळे खरे निघाले. मग सगळे मिळून खोटं कसं झालं, हे मला अजून उमगलेलं नाही. मनकर्णा चुलीजवळून म्हणाली, "खरं बोलून फसवाचं असन तं तुमच्यासारखं कोणाले जमत नाई." मैत्री म्हणाली, "बाबा, त्यायले सांगून टाका. लग्न मोडलं तं मोडू द्या." आणि न जेवता झोपायला गेली. हर्षदीपचा फोन आला की ही पोरगी दारातल्या ओट्यावर जाऊन बोलते आणि परत येते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे आम्ही दोघं मुद्दाम बघत नाही, इतकं ते तिच्या मनात भरलं आहे. तेव्हा मोडू द्या म्हणताना तिला किती जड गेलं असेल, ते तुम्ही समजून घ्या.

मग मी रजा टाकून साहेबांच्या कचेरीत गेलो. वार्ता लिहिणारा विनय म्हणून आहे, माणूस फार आदबीचा. त्याने पंख्याखाली बसवलं, चहा दिला. मी म्हणालो, बातमी चुकली आहे, सभागृह झालेलं नाही. तो म्हणाला, "काका, मंजूर झालं म्हणजे झालंच. बांधनं हे ठेकेदाराचं काम हाय." फोटो? तो नमुन्याचा. मी म्हणालो, पण लोकांना वाटतं की उभं आहे. त्याने त्याच्या फोनवर माझं आभाराचं भाषण लावलं. मी पूर्ण ऐकलं. भाऊजी, भाषण चांगलं झालं होतं. "आता सांगा," तो म्हणाला, "ज्याच्या लेकीचं लग्न, तोच म्हनते हवेशीर हाय. मंग आमी काय लिहावं?" बातमी मागे घेता येत नाही, पुढची देता येते, असं त्याने समजावलं. हवं तर पुढच्या आठवड्यात लिहू, सभागृह दुरुस्तीसाठी बंद. मी विचारलं, जे बांधलंच नाही त्याची दुरुस्ती कशी? तो म्हणाला, "तेच तं सोपं असते, काका." येताना बसमध्ये मी त्यावर पुष्कळ विचार केला. चहाबद्दल त्याचे आभार मानले होते, तेवढे बरोबर होते असं वाटतं.

असो. अक्काला जास्त उन्हात फिरू देऊ नका. तब्येतीला जपा.

आपला,
चंपत

ता. क. : पत्र लिहिलं ते यासाठी. सुधाकरराव रविवारी हॉल बघायला येतो म्हणाले आहेत. स्थळ तुम्ही आणलं, ते तुमचं ऐकतात. गुडघा कितीही दुखला तरी तुम्ही आधी भैंशाला जाऊन त्यांना सांगा. माझ्या तोंडून सगळं खरंच निघतं, म्हणून मला भीती वाटते.

ता. क. दुसरा : पाकिटाला डिंक मिळेना म्हणून पत्र राहिलं, आणि सुधाकरराव रविवारची वाट न बघता आजच बसने येऊन उभे राहिले. मी त्यांना विहाराजवळ नेलं. त्यांनी दगड पूर्ण वाचला, तारखेसकट. मग दगडाच्या मागे जाऊन पाहिलं. शेळी उठून बाजूला झाली. "चंपतराव, हॉल कुठी हाय?" नाही, मी म्हणालो. "कवा होईन?" माहीत नाही. "मंग फोनवर?" मी हात जोडले आणि म्हणालो, फोनवर एकेक गोष्ट खरी सांगितली, पण तुम्हाला फसवलं. माझ्या मुलीचा त्यात दोष नाही, ती पहिल्यापासून सांगा म्हणत होती. ते बाभळीखाली जाऊन बसले. मला वाटलं, आता उठतील आणि बस धरतील. मग म्हणाले, "चारी बाजूनं हवा म्हनले तवाच मले खटकलं होतं. आमच्या गल्लीत मागच्या एका पुढाऱ्यानं असंच वाचनालय देल्लं. आभार म्या मानले. तवापासून पोरं मलेच पुस्तकं मांगतात." मी विचारलं, मग तुम्ही काय करता? म्हणाले, "घरची देतो. आता कपाट खाली झालं." मग घरी आले, मनकर्णाच्या हातची भाकर खाल्ली, आणि मैत्री पाणी द्यायला आली तेव्हा तिला म्हणाले, "पोरी, लगन त्याच जागेवर, मंडप टाकून. फकस्त तुह्या बापाले माईकपासून दूर ठेव." मैत्री आज जेवली.

ता. क. तिसरा : म्हणून वरचं सगळं राहू द्या, भैंशाला जायची गरज नाही. खरी विनंती ही की लग्नात आभार तुम्ही मानायचे. मी मानू नये असं ठरलं आहे, आणि सुधाकररावांनी तर वाचनालयानंतर सोडूनच दिलं. साहेब आले तर त्यांचेही माना, येण्याचे. बाकी कशाचेही मानण्याआधी, भाऊजी, एकदा मान वर करून छत आहे का ते बघून घ्या.