आडवी तीन, उभी तीन

४ मार्च
नात आली! माझी चिमणी. प्रवासाने तोंड एवढंसं झालेलं, पण दारातच म्हणते, "आजी, बटणांचा डबा आहे ना?" जेवण सोडून बटणं! कॉलेजात संशोधन चाललंय म्हणे — सेल्युलर ऑटोमॅटा. मी चौथीपर्यंत शिकलेली. म्हटलं, बाई, आधी हातपाय धू.

५ मार्च
मला समजलं! मला! विसरायच्या आत लिहिते.
चौकटीचा टेबलक्लॉथ घ्यायचा. एक चौकट म्हणजे एक घर. बटण असलं तर घर भरलेलं, नसलं तर रिकामं. प्रत्येकाला आठ शेजारी — बाजूंचे चार, कोपऱ्यांवरचे चार. दोन किंवा तीन शेजारी असले तर माणूस टिकतो. कमी असले तर एकटेपणाने जातो, जास्त असले तर गर्दीला कंटाळून. रिकाम्या घराला बरोब्बर तीन शेजारी मिळाले की नवं बिऱ्हाड येतं. बास, एवढंच!
"आख्खी गल्ली कुणालाच दिसत नाही, आजी. जो तो आपला शेजार बघतो. तरी वरून पाहिलं तर नक्षी होते." वणवा, तापाची साथ, गाड्यांची कोंडी — सगळं असंच मांडून बघतात म्हणे, नियम तेवढे बदलायचे.
या नादात दूध उतू गेलं.

७ मार्च
मुलाचा फोन. "आई, घर विकायचं कधी ठरवतेस? गल्लीत उरलंय कोण?"
उरलेत की! डावीकडे घड्याळवाले, उजवीकडे नर्सबाई, मधे मी. बाकीची घरं गोदामवाल्यांनी घेतली, कबूल. "तुझे गुडघे?" म्हणाला. गुडघ्यांना कोण विचारतंय!

८ मार्च
आमचीच तीन घरं मांडली. रांगेत तीन बटणं. घड्याळवाल्यांना शेजारी एकच, म्हणजे मी — उचललं. मग मला उरल्या एकट्या नर्सबाई — मलाही उचललं. मग त्यांना कुणीच नाही. कापड मोकळं!
चिमणी खो खो हसली. "उचलत काय सुटलीस! आधी सगळ्यांनी बघायचं, मग सगळ्यांनी एकदम हलायचं."
तसं केलं. टोकाची दोन गेली, मधलं राहिलं, त्याच्या वर-खाली दोन नवी आली. आडवी तीन होती, उभी तीन झाली! पुढच्या खेपेला परत आडवी. संपतच नाही! मी टाळ्या पिटल्या.
मग म्हटलं, "पण खऱ्या गल्लीत एकदम हलायला कोण थांबतंय गं? एक जातो, ते बघून दुसरा जातो." चिमणीने ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं, वहीत!

९ मार्च
नर्सबाईंना बोलावून सगळं दाखवलं. "आपण तिघांनी हलायचं नाही, म्हणजे झालं!" त्या कापडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही आहात तोवर आम्ही कुठे जातोय, आजी." घड्याळवाल्यांना खिडकीतूनच ओरडून सांगितलं. "वहिनी, तुमच्यापुढे कुणाची टाप!"

११ मार्च
चिमणी गेली. घर खायला उठतं.

१२ मार्च
दिवसभर मांडते, मोडते. एकेक करून उचललं की कुठूनही सुरू करा, तिन्ही जातात. पहिलं कोण एवढाच प्रश्न. माझ्या हातात काय? शेजाऱ्यांच्या खिडक्या बघायच्या. दोन्हीकडे पडदे आहेत अजून. सकाळपासून चारदा बघून आले.

१४ मार्च
नर्सबाईंची मुलगी आली. चप्पल न काढताच दारात उभी. "आजी, आई सांगणार नाही म्हणून मी सांगते. गोदामवाल्यांना घर विकल्याच्या तिच्या आणि घड्याळवाल्यांच्या सह्या थंडीतच झाल्यात. माझ्याकडे तिची खोली तयार आहे. तुम्ही एकट्या पडाल म्हणून दोघं दर महिन्याला घर सोडायची मुदत वाढवून घेतात."

१५ मार्च
मुलाला फोन केला, घर विकायचे कागद घेऊन ये म्हणून. त्या दोघांना सांगितलंय — मुलाशिवाय करमत नाही.