मुद्दा सातवा: चकलीच्या डब्यावरचे नाव

४ जानेवारी
वस्तुस्थिती प्रथम, क्रमाने.
एक. आमची मृण्मयी (यापुढे मृ.) पुण्यातल्या एका ॲनिमेशन स्टुडिओत पार्श्वचित्रे काढते. पात्रे दुसरे हलवतात. त्यांच्यामागचे घर, अंगण, भांडीकुंडी तिची.
दोन. वनस्पतिशास्त्रात प्रथम श्रेणी मिळवून तिने हे क्षेत्र निवडले. त्याबद्दल माझे मत मी एकदा दिले आहे. ते कायम आहे.
तीन. आमच्याच भोपाळातल्या एका मराठी कुटुंबावरच्या ‘खटपटे मंडळी’ या विनोदी मालिकेचा काल संध्याकाळी लागलेला भाग हा संपूर्णपणे तिच्या पार्श्वचित्रांचा पहिला भाग.
चार. तो मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत.
पाच. चुका अकरा.
कथा: खटपटे आजी चकल्या डब्यात लपवते, आजोबा आणि गच्चीत पाळलेली शेळी त्या शोधतात. एवढेच. श्रीधर मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. नवरा म्हणून क्षम्य, प्रेक्षक म्हणून नाही.
“चित्रं सुंदर आहेत हो,” म्हणाले. चित्रे सुंदर नाहीत असे मी कधी म्हटले?

५ जानेवारी
सकाळी उन्हात बसून मटार सोलले आणि चुका नीट लिहून काढल्या. प्रमुख अशा:
भिंतीवरचे घड्याळ सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला दहा वाजून दहा मिनिटेच दाखवते.
शेळीचा पांढरा कान आधी डावा, गच्चीत उजवा. चित्र उलटे वापरले, उघड आहे.
आजोबा चहा पितात, पेला रिकामा. बोलता बोलता पुन्हा भरलेला. कोणी ओतला?
आजी थंडीतले मटार सोलते आहे आणि खिडकीत गुलमोहर लालभडक! ही चूक पाहून मी उठून उभी राहिले. माझ्या मुलीच्या हातून.
आणि सातवी. फडताळातल्या स्टीलच्या डब्यावर पहिल्या दृश्यात नाव घातले आहे ‘कमल’, म्हणजे आजीचे. शेवटी त्याच जागी, त्याच आकाराच्या डब्यावर ‘विमला’. शिवाय चकलीच्या डब्यातून निघतात मेथीचे लाडू, आणि आजोबांचे तोंड कडू होते. चुकीवर विनोद रचून ती झाकली आहे.
संदर्भही टिपले. खिडकीची जाळी आमच्या स्वयंपाकघराची. दारामागची पिशवी इथल्या बिट्टन मार्केटच्या बाजाराची, बंद तुटलेली. आमच्या खिडकीतून दिसते समोरच्यांची पाण्याची टाकी. तिने तलाव काढला आहे. हे सुधारणेत धरले.
दुपारी स्टुडिओच्या प्रेक्षकांसाठीच्या पत्त्यावर मेल पाठवले. मृ.ला परस्पर सांगणे योग्य नव्हते. पक्षपात झाला असता. खाली ‘एक दर्शक’ एवढेच लिहून पूर्ण नावाने सही केली, गाव आणि पदव्यांसह.

८ जानेवारी
मृ.चा फोन. नमस्कार नाही, काही नाही.
“आई, तू स्टुडिओला मेल केलंस? माझ्या स्टुडिओला?”
“दर्शक म्हणून केलं.”
“अगं, आडनाव तेच, गाव भोपाळ, आणि खाली तीन डिग्र्या! सगळं ऑफिस विचारतंय, मम्मी हैं क्या.”
“मुद्दे चूक आहेत का, ते सांग.”
“गुलमोहर माझी चूक, मान्य. डबा नाही. डबा चूक नाहीये आई. तू नीट बघितलंच नाहीस.”
मी! नीट बघितले नाही!
“शेळी जिन्यावरून पडते ना, तिथे थांबव. तिच्या मागे बघ.”
पुढे जे सांगितले ते हसत सांगितले, पण हसू नेहमीचे नव्हते. त्यांच्या प्रमुखांना माझे मेल फारच पसंत पडले. घड्याळ, कान, पेला ज्यांचे त्यांनी दुरुस्त केले. डब्यापुढे मात्र मृ.च्या नावावर ‘दुर्लक्ष’ असा शेरा. पुनर्प्रक्षेपणाआधी दोन्ही डब्यांवर एकच नाव टाकायचे ठरले आहे. आणि पुढच्या हंगामाची पार्श्वचित्रे तिला द्यायची की दुसऱ्याला, हे आता ठरायचे आहे.
“तू समजावलंस ना त्यांना?”
“समजावलं. ते म्हणाले, आर्टिस्टला स्वतःची चूक नेहमीच मुद्दाम केलेली वाटते. आणि तुझं मेल दाखवलं. म्हणाले, खुद्द भोपाळच्या मराठी बाई लिहितायत, अजून काय पुरावा पाहिजे?”
भाग अजून पाहिलेला नाही. रागाने पाहू नये. राग निरीक्षणाला बाधक.

९ जानेवारी
पाहिला. शेळी पडते तिथे थांबवला.
शेळीच्या मागे दार अर्धे उघडे. दारातून शेजारीण बाहेर पडते आहे, पाठमोरी, पार्श्वचित्रातच काढलेली. तिच्या काखेत डबा. डब्यावर ‘कमल’.
म्हणजे आजीने चकल्या शेजारणीच्या हाती देऊन टाकल्या. शेजारीण आली ती स्वतःच्या डब्यात मेथीचे लाडू घेऊन. तो डबा इथे राहिला, आजीचा तिथे गेला. त्यानंतर आजोबा आणि शेळी जे शोधतात ते घरात नाहीच. हीच तर त्या भागाची गंमत. आणि ती तिने एकाही शब्दाशिवाय, मागच्या दारात मांडली आहे.
मी त्या वेळी घड्याळ तपासत होते.
श्रीधरना दाखवले. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, साबुदाण्याचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला.
“वाच.”
‘विमला’.
विमला दुबे. आमच्या वरच्या मजल्यावर राहत, मृ. शाळेतून आली की आधी त्यांच्याकडे. मग त्यांनी शहराच्या टोकाला, मिसरोदला घर बांधले. हा डबा तेव्हापासून माझ्या फडताळात आहे आणि मी त्यातून साबुदाणा काढते आहे, दर एकादशीला.
“तुम्हाला माहीत होतं?”
“तू विचारलं नाहीस,” श्रीधर म्हणाले, आणि खिचडी कधी करतेस, असेही.
या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. खिचडी केली. चांगली झाली.

११ जानेवारी
विचार केला. डबा परत करायचा. रिकामा नव्हे, रिकामा डबा आमच्याकडे कोणी परत करत नाही. म्हणून तर तो इतकी वर्षे राहिला असणार. त्यात घालण्याजोगे, माझ्या पसंतीस उतरेल असे, त्या वेळी काही झाले नसेल.
संक्रांत तोंडावर आहे. तिळाच्या वड्या. पहिला घाणा कडक. दुसरा बरा, पण कडा वेड्यावाकड्या. तिसरा करायला घेतला तेव्हा श्रीधर दुसऱ्यातल्या चार खाऊन मोकळे.
“यात काय वाईट आहे?”
“चौकोन नाहीत.”
“तिळाला माहीत नाही ते.”
तिसरा घाणा उत्तम. कडा सरळ.

१४ जानेवारी
मिसरोद. श्रीधरनी गाडी चालवली, मी डबा मांडीवर धरला. रस्त्यात पतंग फार.
विमलाभाभींनी दार उघडले, आधी माझ्याकडे पाहिले, मग डब्याकडे.
“अरे मैडम! आज डब्बा याद आया, कि हम?”
“दोनों,” मी म्हटले. खरे उत्तर तेच होते.
“ख़ाली तो नहीं लाईं?”
“आप मुझे जानती नहीं?”
“जानती हूँ, तभी तो पूछ रही हूँ। आप तो नापतौल के बनाती हैं, दस साल लग गए होंगे।”
श्रीधर हसले. मी हसले नाही, थोडे हसले.
मृ.चा भाग त्यांनी पाहिला होता, नातवंडांसोबत. शेजारीण पाठमोरी दिसताच म्हणे ओरडल्या, ये तो मैं हूँ! डबा काखेत धरायची ढब ओळखली. नातवंडांना डब्यांची अदलाबदल समजावून सांगावी लागली नाही; दोघांनी आधीच पाहिली होती. हे मी शांतपणे ऐकून घेतले.
मग त्या आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. मेथीदाणे भरलेला. वर माझे नाव, सुमन. जवाहर चौकातल्या भांड्यांच्या दुकानात घालून घेतलेले, ‘सु’चा उकार जरा तिरका. तो तेव्हाही मला खटकला होता.
“ले जाइए अपना।”
मी हात पुढे केला. पण त्यांनी तो परत ठेवून दिला. “नहीं। ये यहीं ठीक है।” माझ्या वड्या ताटात काढून घेतल्या, ‘विमला’मध्ये तीळगुळाची कुरकुरीत गजक भरली, आणि तोच डबा पुन्हा माझ्या हातात.
परत येताना गजक मांडीवर. श्रीधर म्हणाले, “म्हणजे गेलो कशाला?”
पुराव्यासाठी, मी म्हटले. पण तेवढ्यासाठीच नाही. दिवस छान गेला.

१५ जानेवारी
संध्याकाळी मृ.ला फोन. निर्णय अजून नाही. प्रमुख सोमवारी ठरवणार. ती म्हणाली, “जाऊ दे ना आई, आता लिहू नकोस काही.” मी म्हटले, माझ्या नावाने चुकीचा पुरावा फिरत असताना मी गप्प बसणार नाही. ती म्हणाली, “कडक लिही मग.” यालाच मी संमती समजते.
दारातले चित्र फार चांगले आहे, हेही सांगितले. “कुठलं दार?” असे तिने दोनदा विचारले. दोनदा सांगितले.
आज पाठवलेल्या मेलची प्रत इथे ठेवते:

‘माझ्या मागील मेलमधील मुद्दा सातवा मी मागे घेत आहे. उर्वरित दहा कायम आहेत, गुलमोहर विशेषत्वाने.
डब्यावरील नावाचा बदल ही चूक नसून त्या भागाचा कणा आहे. शेळी पडते त्या दृश्यात मागचे दार पाहावे. मी पाहिले नव्हते. आपणही पाहिले नसावे. दोन्ही डब्यांवर एकच नाव टाकल्यास शेजारीण कारणाशिवाय येईल, चकल्या कारणाशिवाय नाहीशा होतील आणि मेथीचे लाडू आकाशातून पडतील. दुरुस्तीने निर्माण होणारी ही बारावी चूक असेल आणि ती सर्वस्वी आपली असेल.
सदर पार्श्वचित्रकार माझी कन्या आहे, हे पहिल्याच मेलमध्ये नमूद करायला हवे होते, आता करते. यामुळे माझे मत ग्राह्य वाटत नसल्यास मिसरोदमधील दोन लहान प्रेक्षकांचे घ्यावे. त्यांनी न सांगता ओळखले. आमच्या फडताळातील डब्याचे छायाचित्र जोडले आहे. आत गजक आहे.
तरी, चित्र मूळ स्वरूपात राहील काय, ‘दुर्लक्ष’ हा शेरा काढला जाईल काय, आणि पुढील हंगामाचे काम कोणाकडे असेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे द्यावीत. दूरध्वनी करू नये. तोंडी आश्वासन मी धरत नाही. उत्तर लेखी हवे.’