पुढच्या चाकाचं हब

११ नोव्हेंबर, मंगळवार

४ तारखेचं पान चूक आहे. तिथे लिहिलंय — ‘कोकिळाची दोन्ही चाकं झाली. हब नवे, निवडले तेच.’ मागचं नवं होतं. पुढचं नव्हतं. आणि मला ते माहीत होतं. म्हणजे चूक नाही, खोटं! ते पान खोडणार नाही. राहू दे, दिसू दे.

झालं ते असं. पितांबरकाकांच्या धुळ्याच्या दुकानातून खोकं आलं. पुढच्या चाकाच्या मधोमध बसतं ते हब मी सांगितलेलंच मॉडेल, स्पोकांसाठी अठ्ठावीस भोकांचं, पुसून लख्ख केलेलं. फक्त पिशवी आधी फोडलेली. खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलं तर कडेच्या चकतीवर, प्रत्येक भोकाशेजारी, एक बारीक चरी. स्पोक ताणला की तो अॅल्युमिनियममध्ये आपली जागा करून घेतो. नव्या हबला चरी नसते. हे आधी कुठल्यातरी चाकात चाललेलं होतं. नख फिरवून पाहिलं. नख अडकलं.

आणि तरी मी त्यात स्पोक ओवून ते भरलं.

याहून वाईट पुढे आहे, तेही लिहिते. जुनं हब पुन्हा भरायचं असेल तर स्पोक जुन्याच चरीत बसवायचे. मी दहा वर्षांची असताना माझ्या वडिलांनी, नानांनी हे शिकवलं. दुकानातली जुनी हबं पुढ्यात टाकायचे आणि विचारायचे, ‘कोणत्या बाजूने भरलं होतं, सांग.’ उलट भरलं तर नवी चरी जुनीला आडवी जाते, आणि कडा तिथूनच फुटते. या हबच्या चऱ्या माझ्या रोजच्या हाताच्या उलट होत्या. त्यांच्याप्रमाणे भरायचं म्हणजे प्रत्येक स्पोकला कबूल करायचं की हे जुनं आहे. अठ्ठावीस वेळा. ते नको होतं मला. म्हणून नेहमीसारखं भरलं — नवं असल्यासारखं.

चाक सुंदर झालं. फिरताना केसाएवढंही आउट नाही. त्याचाच जास्त राग येतोय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

का गप्प बसले? लिहायलाच हवं.

तीन वर्षं मी काकांसाठी चाकं बांधतेय. काका गिऱ्हाइकाला सांगतात, ‘पुण्याहून येतात.’ जळगावच्या पंक्चरच्या दुकानात एक मुलगी बांधते असं सांगितलं तर कोण घेईल म्हणे! या वेळी पहिल्यांदा म्हणाले, चाकाला कार्ड लावू, त्यावर तुझं नाव. छापून पाठवलंसुद्धा. मी ते दिवसभर वहीत घालून फिरत होते. हब परत पाठवलं असतं तर चाकं वेळेत झाली नसती, आणि कार्ड नसतं. एवढंच कारण. एवढंसं!

आणि हे हब मी निवडलं होतं. तीन आठवडे डोकं घातलं त्यात. काकांना हलकी वीस भोकांची हवी होती, सोडली की गांधीलमाशीसारखी वाजणारी. ‘पोरेस्ले आवाज लागस, बेटा. आवाज नसना तर चाकं महाग शेत हे समजीन कसं?’ मी म्हटलं, जिची चाकं आहेत तिला विचारू.

कोकिळा दोंडाईचाजवळच्या गावची. धुळ्यात कॉलेजला आहे, सायकलच्या रेस खेळते, शनिवारी सायकलनेच घरी जाते. काकांच्या दुकानात येऊन तिने सगळी हबं फिरवून पाहिली, कानाशी धरून. वाजणारं एक बाजूला ठेवलं. ‘हाई नको. मागलीले समजाले नको, मी कव्हय दमनू.’ खरंच की! रेसमध्ये पाय थांबला की मागचं हब वाजतं, आणि मागची हल्ला करते. पुस्तकात नाही मिळत हे.

म्हणून शांत हब. म्हणून अठ्ठावीस भोकं — एक स्पोक तुटला तरी घर गाठता येतं. म्हणून आत साधे छर्रे, कटोरी आणि कोन. उघडा, पुसा, ग्रीस भरा, लावा. दोंडाईचाच्या कुठल्याही मेकॅनिकला जमेल. बंद बेअरिंगचं हब घेऊन गेली तर ते तिच्याकडेच बघत बसतील. तिने मला विचारलं, ‘घाटात उतरताना भ्याव नाही ना?’ मी म्हटलं, ‘माझ्या हातचं आहे.’

माझ्या हातचं आहे! काय तोंड हे!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काकांना फोन केला. तीनदा कट करून चौथ्यांदा केला.

‘काका, पुढचं हब जुनं होतं.’

‘जुनं कसानं? डेमोनी सायकलनं शे. दोनशे किलोमीटर बी चालेल नही. नवंच म्हन.’

‘कोकिळाला सांगितलंत?’

‘अव्हं, तुले कव्हय समजनं? भरताना का मंग?’

‘हो.’

‘भरताना! तरी तूच भरं ना? मंग आते कसानी बोंब मारस? कार्डवर नाव कोनं शे?’

मी म्हटलं, ‘मी उलट भरलंय. चरीच्या उलट.’ मग म्हणाले, ‘तुना बापले इचार,’ आणि ठेवून दिला.

माझ्या बापाला विचार! म्हणजे बाप शिकवायला चुकला असं म्हणायचंय. स्वतः खोटं हब घालायचं आणि वर नानांचं नाव काढायचं! दुपारी एका शाळकरी मुलीच्या सायकलचा ब्रेक लावताना तार दोनदा चुकीची कापली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काकांसारखी माणसं दर्शनी काचेचं दुकान टाकतात आणि आरपार काहीच दिसू देत नाहीत.

(हे वाक्य मला आवडलं, म्हणून जास्त राग आला. वाक्यं करू नकोस. चाकाचं बघ.)

१५ नोव्हेंबर, शनिवार

नानांना सांगितलं. अकरा दिवस लागले मला!

ते पंक्चर काढत बसले होते, ट्यूब पाण्यात धरून. मी सगळं सांगितलं. काकांनी डेमोचं हब घातलं, मी ओळखलं, तरी भरलं. मला वाटलं उठतील, काकांना फोन लावतील, निदान एक शिवी तरी देतील. ते बुडबुडे बघत राहिले.

मग विचारलं, ‘चरीप्रमाणेच भरलंस ना?’

‘नाही.’

‘नाही म्हणजे?’

‘उलट भरलं. नव्यासारखं.’

ट्यूब हातातून सुटून पाण्यात गेली. माझ्याकडे बघितलं ते असं, जणू मी त्यांना भर बाजारात कोणीतरी दुसरीच भेटले. ‘तुला दिसलं होतं, तरी?’ एवढंच. मग चहाला म्हणून उठून गेले. तासाभराने आले. चहा प्यायला नव्हता हे मला कळतं, चहानंतरच्या पानाचाही वास नव्हता.

काकांबद्दल एक शब्द नाही. धाकटा भाऊ ना! मला मात्र ती नजर. हब बदलणारा सुटला, आणि भरणारी अडकली!

१६ नोव्हेंबर, रविवार

आईने असोद्याची वांगी भाजून भरीत केलं, कळण्याची भाकरी. मी अर्ध्या भाकरीवर उठले. आई म्हणाली, ‘काय एवढं त्या चाकाचं? अजून कोणी बसलं तरी का त्याच्यावर?’

नाही बसलं. तेवढंच नशीब. चाकं काकांच्या दुकानात टांगलेली आहेत. कोकिळा सरावाला जुनीच वापरतेय. नवी गुरुवारी संध्याकाळी पाचला येऊन नेणार, शुक्रवारी थोडी चालवून बघणार, आणि रविवारी, २३ तारखेला, राज्याच्या संघाची निवड. लळिंगचा घाट चढायचा, उतरायचा. उतारावर साठच्या वेगाने पुढच्या हबची कडा फुटली तर सावरायला वेळ मिळत नाही. मागचं चाक गेलं तर माणूस घसरतो. पुढचं गेलं तर डोक्यावर पडतो.

कदाचित फुटणारही नाही. सत्तेचाळीस किलोची पोरगी. दहा वर्षं चालेल. पण ‘कदाचित’ हा शब्द मी तिला सांगितला होता का?

तिचा नंबर दोनदा लावला. दुसऱ्यांदा तिने फोन उचलला. ‘हां ताई, बोला ना!’ मागे कुठेतरी जेवणाच्या ताटांचा आवाज. मी म्हटलं, ‘टायरमध्ये हवा किती ठेवतेस?’

हवा! शी!

१७ नोव्हेंबर, सोमवार

काकांचे अपराध आज एका कागदावर लिहून काढले. पुण्याहून येतात म्हणून सांगणं. नाव न सांगणं. जुनं हब नवं म्हणून घालणं. गिऱ्हाइकापासून लपवणं. कार्डाची धमकी. नानांबद्दल बोलणं. सहा झाले. मग ‘धमकी’ वाचून थांबले — ते फक्त म्हणाले, नाव कोणाचं आहे. नाव माझंच आहे. तो खोडला. पाच.

पाच पुरेत. हा कागद घेऊन जाणार, त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर वाचणार. पुतणी आहे म्हणून गप्प बसेन असं वाटतंय त्यांना. लहानपणी खांद्यावर घेऊन पांझरेचा पूर दाखवला म्हणून? दाखवला असेल!

नाना आज तिसरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतात. ‘पाना दे.’ ‘ते धर.’ सकाळी माझं एक चाक स्टँडवर होतं. ते शेजारून गेले आणि नुसते वाकून हबकडे बघितलं. कोणत्या बाजूने भरलंय ते. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझं काम तपासलं.

मी ओरडले. ‘मला तपासता, आणि काकांना काही नाही?’ दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. नाना म्हणाले, ‘पितांबरला काही बोलू नको.’

का? का नको?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कागद फाडला.

हब काकांनी नाही बदललं. नानांनी बदलायला लावलं. आज सकाळी शटर उघडायच्या आधी, कुलूप हातात धरून सांगितलं. नवं पुढचं हब डिसेंबरशिवाय येणार नव्हतं. नानांनीच काकांना फोन केला — डेमोचं काढून पाठव, तिला सांगू नको, ती ओळखेल आणि चरीप्रमाणे भरेल. ‘सांगितलं असतं तर जुनं घालणार नाही म्हणून अडून बसली असतीस, आणि त्या पोरीची रेस गेली असती. चरीप्रमाणे भरलं असतंस तर त्या हबला काही झालं नसतं.’

‘आणि कोकिळाला?’

‘रेसनंतर सांगणार होतो.’

होतो!

काकांनी पाच दिवस माझा राग अंगावर घेतला, ‘तुना बापले इचार’ एवढं सोडून मोठ्या भावाचं नाव न घेता. नानांनी मला न सांगता माझ्यावर भरवसा टाकला, तो चूक. कोकिळापासून लपवलं, ते त्याहून चूक. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते हो म्हणाले. पण त्या चाकात जो धोका आहे, तो दोघांनीही घातलेला नाही. तो मी घातलाय, हाताने, बघून.

उद्याच धुळ्याला जाता येईल. काका एकटे असतील, मी स्पोक कापीन, ‘माल आला नाही’ असं कोकिळाला कळवता येईल, आणि कोणालाच काही कळणार नाही. म्हणून उद्या नाही. गुरुवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळी पाच — ती चाकं न्यायला येईल तेव्हा, तिला सगळं सांगून, तिच्यासमोर कापीन.