अण्णांच्या जीपची रिव्हर्स ट्यून

३ मे, लातूर
काल नवी गाडी घेऊन किल्लारीला, आईकडे. सवयीनं उलटीच अंगणात घातली. आई ओसरीत तांदूळ निवडत होती. मी पुढ्यात उभा राहिलो तेव्हा दचकली. "भुतावानी येतूस बग. आवाजच न्हाई गाडीला." तिला दिसतं कमी, त्यात ही मुकी गाडी.

अण्णांची, म्हणजे वडिलांची, जीप आली की गल्लीला कळायचं. भूकंपानंतर त्यांनी गाडी कधी तोंडानं आत घातली नाही. लातूरच्या फेऱ्या संपल्या की उलटी आत, तोंड रस्त्याकडे. कधीही निघता यावं म्हणून. रिव्हर्स टाकला की ट्यून वाजायची, शेवटचा सूर चिरका. आई आधण ठेवायची, मी आणि ताई दारात पळायचो.

जीप विकताना अण्णांनी ट्यूनचा डबा तेवढा काढून घेतला होता. आईच्या कपाटात होता. घेऊन आलो.

५ मे
शोरूमला विचारलं, हा डबा नव्या गाडीला बसवता येईल का. तिथली मुलगी म्हणाली, "सर, रिव्हर्स लाइटची वायर कापून बाहेरचं काही जोडलं आणि त्यानं बिघाड झाला, तर त्या वायरिंगची वॉरंटी मिळणार नाही. बाकीची राहील." मग हळूच, "पण इतकं विचारून कुणी बसवत नाही, सर."
घरी शुभा हसून हसून बेजार. "तुम्ही लग्नातल्या आहेराचीसुद्धा वॉरंटी विचारली असती."

९ मे, नांदेड
पेपर तपासणी. दुपारी सलीमचाचांचं दुकान. जीपला हा डबा त्यांनीच बसवलेला, तेव्हा दुकान लातूरला होतं. डबा बॅटरीला टेकवला. वाजला! चिरक्या सुरासकट. दोघंही हसलो. मग मी उगाच रस्त्याकडे बघत बसलो.
"वायर कापतो, जोडतो, हो गया. सर्विसच्या आधी आणा, काढून देतो. कंपनीला काय सपान पडायलंय?"
नको म्हणालो. लपवून टिकवायची ती वॉरंटी कसली.
"हाव, अण्णाचाच पोरगा. त्यो बी असाच दिमाग खायचा."
शेवटी डिकीत मोटरसायकलची छोटी बॅटरी, तिला डबा, सीटजवळ बटण. गाडीच्या वायरीला हात नाही.
वॉरंटी शाबूत. पण गिअरसरशी आपोआप वाजणं वेगळं, मी बटण दाबून वाजवणं वेगळं. आणि हे आईसाठी की माझ्यासाठी? तिला विचारलंच नाही.

१२ मे, किल्लारी
रिव्हर्स टाकला, बटण दाबलं. आत पातेल्याचा आवाज. आई भिंत धरत दारात आली. वाटलं, रडेल. रडली नाही. "आधण ठेवलंय," म्हणाली.
चहा घेताना: "ह्यो आवाज आला की मी रोज काय म्हणायची ठाव हाय का? म्हणायची, आज बी ह्यांचं भ्या गेलं न्हाई. ज्या दिवशी गाडी तोंडानं आत यील, त्या दिवशी गेलं म्हणायचं." कप खाली ठेवून, "शेवटपत्तूर आली न्हाई."
आम्हा पोरांना ते गाणं वाटायचं. इतकी वर्षं...
"मग काढून टाकू का?"
"ऱ्हाऊ दे. तू आल्यालं कळतंय." कप उचलता उचलता म्हणाली, "पर तू कशापायी उलटी घालतूस? तुला कशाचं भ्या?"
सवय म्हणालो. तिला पटलं नाही. मलाही.

१८ मे, लातूर
उद्या पुन्हा किल्लारी. बॅटरी चार्ज करून ठेवली. गाडी तोंडानं आत घातली तर रिव्हर्सच नाही, मग बटण दाबायचं कशाला? न दाबावं तर आई दचकणार.
आज आमच्या पार्किंगमध्ये तोंडानं आत लावून बघितली. वर येऊन जेवायला बसलो. दोन घास खाल्ले असतील. उठलो.
शुभा: "किल्ली घेऊन कुठं निघालात?"