आजीचं पान कोणत्या तिथीला

३ ऑगस्ट २०२५, रविवार

सापडला! माझा आजोबा सापडला — आणि कुठे, तर अमेरिकेत!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. माझी शाळा चौथीपर्यंतची. पण आज लिहिल्याशिवाय घास उतरायचा नाही.

भिका, माझ्या आईचा बाप. इगतपुरीला रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकायचा. १९१४ साली मुंबईला जाऊन येतो म्हणाला, तो गेलाच. आई तेव्हा रांगत होती. बारा वर्षं वाट बघितली, मग त्याच्या भावाने, सहादूने, त्र्यंबकला दर्भाचा पुतळा करून जाळला. रीतच तशी — बारा वर्षं पत्ता नाही तर माणूस मेला समजायचा. त्या दिवशी आजीच्या बांगड्या फोडल्या. आजी म्हणजे झुंबरबाई. मला तिनेच वाढवलं. तिचं कपाळ मी कधी भरलेलं पाहिलं नाही.

आता नातू साई अमेरिकेत नोकरीला. तिथे म्हणे सरकार दर दहा वर्षांनी घरोघर माणसं मोजतं, आणि ते जुने कागद आता कॉम्प्युटरवर दिसतात. "आजी, मी गंमत म्हणून नुसतं इगतपुरी टाकलं," म्हणाला. एकच माणूस निघाला. नाव भिका, आडनाव इगतपुरी! साहेबाने आडनाव विचारलं असेल, ह्याने गाव सांगितलं. कशी हसले मी! शुभांगी — साईची बहीण, इथे माझ्याजवळ असते — म्हणाली, आजी, दाताची कवळी सांभाळ.

१९२० सालचा कागद. कॅलिफोर्नियात कुणाच्या तरी द्राक्षाच्या मळ्यात मजूर. लग्न झालंय का — हो.

द्राक्षाला कुठवर गेला बघा. दोन-चार वर्षं थांबला असता तर नाशिकलाच मिळाली असती. दोन-चार नाही, जास्तच. असो.

१० ऑगस्ट

१९३० चा कागद पण आहे!

मी बोटं मोजली. परत मोजली. पुतळा जाळला १९२६ ला. मग १९३० ला हा माणूस द्राक्षं तोडतोय कसा?

शुभांगी म्हणते, "आजी, जिवंत होता म्हणून." ते कळतं गं मला! पण मग आजी विधवा कशी? बांगड्या फोडल्या त्या कोणाच्या नावाने?

आणि गोंधळ किती त्या कागदात. दहा वर्षांत वय चौदाने वाढलं. रंगाच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलंय. हा काय रंग झाला? पण लग्नाच्या रकान्यात परत तेच — लग्न झालेला. खोलीत एकटा, आणि तरी लग्न झालेला! सोळा वर्षांनी पण सांगायचा, बायको आहे म्हणून. मला काय आनंद झाला, मी शिरा केला. किशोर, माझा मुलगा, म्हणाला, "आई, शंभर वर्षांपूर्वीच्या बातमीचा शिरा?" खाल्ला मात्र दोन वाट्या.

१३ ऑगस्ट

झेंडूवर अळी. औषध मारायला माणूस नाही.

डोक्यात दुसरंच. सर्वपित्रीला सासरच्यांची पानं वाढतात, त्यात मी माझ्या आजीचं एक वाढते. सासूबाई होत्या तोवर चोरून, आता उघड. तिला मुलगा नव्हता, कोण वाढणार? पण नवरा जिवंत असताना जी बाई जाते तिचं पान नवमीला असतं. अहेवपणी गेलेली. तिला कुंकू, हिरव्या बांगड्या, सगळा मान.

आजी गेली १९६३ ला, मी बारा वर्षांची होते. आजोबा कधी गेला? तिच्या आधी की नंतर? साईला तेवढंच शोध म्हणून सांगितलं. बाकी मळे-बिळे राहू दे.

१७ ऑगस्ट

१९६६! तीन वर्षांनंतर गेला. दफनाची नोंद मिळाली. पुरला आमच्या भिकाला. पण १९६६!

म्हणजे आजी सवाष्ण गेली. आणि कुणालाच माहीत नाही. तिला पण नव्हतं.

सिंधुबाईला सांगायला शेजारी गेले. ती गवार निवडत होती. म्हणाली, "नवसाबाई, कपाळ पुसलं ते पुसलं. आता कागदाने काय परत लागतंय व्हय?" मी म्हटलं, का नाही लागणार? पुतळा खोटा होता ना. "पुतळा खोटा असंल, तिची चाळीस वर्षं खरी होती की!"

तेही खरंच. सिंधुबाईला देवानं बोलायला दिलंय. निवडलेली गवार मात्र दिली पिशवीभर.

२४ ऑगस्ट

आज फोनच्या पडद्यावर साईचा चेहरा पडलेला. मीच खोदून विचारलं.

१९४० च्या कागदात घरात बायको आहे. रोझा. तीन पोरं. एकाचं नाव फकिरा!

फकिरा म्हणजे आजोबाच्या बापाचं नाव. ते ऐकून बरं वाटलं की वाईट, मला अजून कळत नाही. तीन मामा-मावश्या निघाल्या मला, बसल्या जागी. रोझाला काय म्हणायचं? आजीच ना?

साई अजून काहीतरी गिळत होता. शेवटी म्हणाला, "आजी, १९३१ ला त्याच्यावर कोर्टात केस झाली होती."

चोरी?

३१ ऑगस्ट

चोरी नाही. देवाला साखर ठेवली. गणपती घरात, त्याच्यासमोरच.

साईने कोर्टाची जुनी वही बघितली. रोझाशी लग्न लावायला निघाला तेव्हा कुणीतरी तक्रार केली — ह्याची एक बायको हिंदुस्थानात आहे, मागच्या सालीच ह्याने तसं लिहून दिलंय. तिकडे दोन बायका म्हणजे तुरुंग. मग ह्याने नाशिकहून कागद मागवला आणि तो कागद पाहून कोर्टाने सोडून दिला.

कागदात काय होतं, तर पहिली बायको मेली!

१९३१ ला! बत्तीस वर्षं आधी! माझ्या आजीने मला तिच्या हाताने नागलीची भाकर खाऊ घातली, ती काय मेल्यावर?

कोणी पाठवला तो कागद? किशोर म्हणाला, "दुसरं कोण? सहादू." मला पण तेच वाटतं. इकडे भावाचा पुतळा जाळला, तिकडे भावजय मेली म्हणून कळवलं. दोघांना एकमेकांसाठी मारलं आणि भाताची खाचरं एकट्याने केली. मेल्या सहादू! लहानपणी मी तुझे पाय चेपलेत.

साई म्हणाला, मूळ कागद कोर्टात असेल, मागवतो.

७ सप्टेंबर

ग्रहण. सगळ्यात तुळशीपत्र टाकलं. कागद नाही आला.

११ सप्टेंबर

किशोरशी वाजलं. "नवमीला कशाला? नेहमीसारखं सर्वपित्रीला वाढ. लोक हसतील." मी म्हटलं, हसू दे. तो म्हणाला, "आणि आजोबाने दुसरं लग्न केलं, त्याच्या नावाचं कुंकू तिला हवं असेल का, ते विचारलंस?"

किशोर सहसा एवढं बोलत नाही. कोणाला विचारू? ती तर फोटोत.

तिने त्याचं नाव कधी काढलं नाही. रडली पण नाही. आम्ही पोरींनी विचारलं तर म्हणायची, "हाय कुठंतरी." आम्हाला वाटायचं, देवाघरी म्हणतेय.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

वाढलं मी पान. अळूवडी, वडे, खीर, कारलं. पानाशेजारी हिरव्या बांगड्या, खण. फोटोला कुंकू लावलं. पहिल्यांदा. माझं बोट काचेवर घसरलं, जरा वाकडं लागलं.

कावळा लवकर येईना. मी म्हटलं, आजी, सहादूने तुला फसवलं, आता मी नीट करते. मग आला. वडा घेऊन उडाला. सिंधुबाई कुंपणापलीकडून बघत होती. "आला गं बाई!" म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला. एवढी बोलणारी बाई!

खूप बरं वाटलं आज. आता सहादूचं काय करायचं ते वर बघून घेतील.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

कागद आला. शुभांगीने वाचून दाखवला. मराठीतच आहे, नाशिकच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या लिहिणाऱ्याने लिहिलेला, पाठीमागे इंग्रजी. 'भिका फकिरा याची बायको झुंबर मयत झाली, तो लग्न करण्यास मोकळा आहे. शपथेवर सांगणार — मयताची बहीण भागीबाई. अंगठा डावा.'

सहादूचं नाव कुठेच नाही.

आजीला बहीण नव्हती. झुंबर हे तिचं लग्नातलं नाव. माहेरी ती भागी होती.

आणि हे नाव आजोबाला माहीत होतं.