मालनचा टाक

३ फेब्रुवारी १९८४, मुलुंड

आजपासून हे घर माझं. हवेशीर खोल्या, खिडकीतून डोंगर. विद्याधर म्हणतो, तुझं भाषण ऐकलं आणि पुन्हा लग्न करावंसं वाटलं. मी म्हटलं, मग आता रोज ऐकायची तयारी ठेव. सासूबाईंनी हसत ओवाळलं. त्यांना दुपारी रेडिओ लागतो, पण अगदी हळू. स्वयंपाकघराला बाहेरून कडी आहे, मांजरासाठी म्हणे. गॅसचा नंबर अजून लागलेला नाही, स्टोव्हच आहे. जपून वापर, म्हणाल्या. विद्याधरची पहिली बायको मालन स्टोव्हच्या भडक्यातच गेली.

७ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज रीत सांगितली. दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली बाई. नवं लुगडं, पहिला घास आधी तिला दाखवायचा, म्हणजे ती त्रास देत नाही. मी भीतीपोटी काही घालणार नाही, पण मालनचा मान म्हणून घालीन, असं सांगून आम्ही सोनाराकडे गेलो. तिथले टाक पाहिले आणि डोकं तापलं. सगळ्या बायका एकाच ठशातल्या. डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, तोंड नाहीच. जन्मभर गप्प बसवलं ते पुरेसं झालं नाही? मी मालनचा फोटो पुढे केला. तिचाच चेहरा हवा, ओठांसकट. सोनार म्हणाला, टाकाला ओळख देत नाहीत. सासूबाई तर दुकानातच भडकल्या.

"तोंड कशाला हवंय तिला?"

मी बोलत राहिले. शेवटी दोघांनी हात टेकले. वादात मला कोण हरवणार?

१५ फेब्रुवारी

टाक आला. सुरेख झालाय. मिटलेले ओठ, हनुवटीवरचा तीळसुद्धा. चांदीच्या साखळीत घातला. सासूबाईंनी मान वर करून पाहिलंही नाही. सकाळपासून माझा घसा खवखवतोय.

२३ फेब्रुवारी

आवाज बसत चाललाय. डॉक्टर म्हणतात, घशात काही नाही. आंघोळीनंतर टाक पुसताना दिसलं, ओठ किंचित विलग झालेत. चांदी अशी हलत नाही. वाढताना सासूबाई माझ्याकडे बघत नाहीत, टाकाकडे बघतात. विद्याधर चिडून म्हणाला, काढून टाक तो. मी ओढलं, त्यानेही ओढलं. साखळीचा फासा उघडत नाही.

४ मार्च

घाटकोपरला महिला मंडळाची सभा. विषय, सासरी जळणाऱ्या मुली. उभी राहिले आणि तोंडातून नुसती हवा. मग आवाज आला. बारीक, स्वच्छ, माझा नव्हे.

"स्टोव्ह भडकला नव्हता. यांनी रॉकेल ओतलं. कडी बाहेरून होती. मी ओरडायला लागले, तेव्हा आईंनी रेडिओ मोठा केला."

मग टाळ्यांचा कडकडाट. सगळ्यांना वाटलं, ही माझी बोलण्याची शैली. पुढच्या रांगेत विद्याधर होता. त्याचे हात मांडीवरच राहिले.

५ मार्च

आवाज पूर्ण गेला. चिठ्ठीवर विचारलं, खरं का? विद्याधरने वाचली आणि फाडली. बाहेरच्या दाराला कुलूप. शेजारी सांगितलंय, सुगंधाचं डोकं फिरलंय, तिला एकटी सोडायची नाही.

मंडळाच्या कमलताई आल्या होत्या. मी माहेरी गेलेय, असं विद्याधरने दारातूनच सांगितलं. मी आत ताट आपटलं — पुन्हा आपटलं — सासूबाईंनी रेडिओ लावला. कमलताई गेल्या.

६ मार्च

सासूबाई आज गोड बोलल्या. शिरा कर म्हणाल्या. मी जागची हलले नाही. दोघांनी धरून आत ढकललं — वही पदराखाली होती —

कडी.

खिडकीला गज. खाली माणसं आहेत, कुणी वर बघत नाही. हाक मारायची तर —

दाराखालून रॉकेल आत येतंय. पोतेरं लावलं. भिजलं.

टाकाचं तोंड आता पूर्ण उघडं आहे. आत काळोख. तोंड मी दिलं तिला, आवाज तिने घेतला — एकदाच बोलली, आणि तेही टाळ्यांत बुडालं —

मालन, परत दे. नाहीतर तूच ओरड. आत्ता, रेडिओ हळू आहे तोवर —

बटण फिरवल्याचा —